तोंड अचानक वाकडं झालं तर मेंदूचा फोटो काढायचा का?



सकाळी उठून चूळ भरली की पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून आपोआप गळतं. आरशात बघावं तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि दुसऱ्या बाजूचा डोळा मिटतच नाही. "लकवा मारला" असं घरातलं कोणीतरी म्हणतं आणि पाच मिनिटांत गल्ली गोळा होते. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, अमुक गावात लकव्याचं औषध देतात, तिकडं न्या. दुसरा म्हणतो, आधी लातूरला नेऊन डोक्याचा फोटो काढा, बाकीचं नंतर बघू.

आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात असो की तुमच्याकडे, हे चित्र फारसं वेगळं नसणार. आज आपण यातल्या दुसऱ्या सल्ल्याविषयी, म्हणजे 'डोक्याच्या फोटो'विषयी माहिती घेणार आहोत. सीटी स्कॅन आणि एमआरआय नेमकं काय दाखवतात? ते कधी एक मिनिटही न दवडता करायला हवेत? आणि कधी त्यांची गरजच नसते? मी डॉक्टर नाही, प्राथमिक शिक्षिका आहे. पण खेड्यात शाळेच्या मॅडमला आणि गुरुजींना लोक सगळंच विचारतात, रिपोर्ट वाचून दाखवा म्हणतात. त्या वेळी आपल्याला निदान विषय कळलेला असावा, एवढ्यासाठी हा लेख. उपचार डॉक्टरच ठरवतील.

एका नावाखाली दोन आजार

सगळा घोटाळा 'लकवा' या शब्दापासून सुरू होतो. हा शब्द मूळचा अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ चेहरा वाकडा होणे एवढाच होता. सुमारे ११०० वर्षांपूर्वीचे इराणमधले वैद्य अल् राझी यांनी याच नावाखाली या आजाराचं वर्णन केलं आहे. मेंदूतल्या बिघाडाने वाकडं झालेलं तोंड आणि नुसत्या नसेच्या बिघाडाने वाकडं झालेलं तोंड वेगळं ओळखता येतं, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही चेहऱ्याच्या आजाराला 'अर्दित' आणि अर्ध्या अंगाच्या आजाराला 'पक्षाघात' अशी वेगळी नावं आहेत. म्हणजे जुन्या जाणकारांनी जे दोन डबे वेगळे ठेवले होते, ते आपण बोलीभाषेत एकत्र ओतून टाकले. आता हात-पाय गेला तरी लकवा आणि नुसतं तोंड वाकडं झालं तरी लकवा.

पहिला आजार पक्षाघात, म्हणजे स्ट्रोक. यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. बिघाड मेंदूत असतो.

दुसरा आजार बेल्स पाल्सी. यात मेंदू ठणठणीत असतो. बिघाड होतो तो चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूत. चार्ल्स बेल (१७७४ ते १८४२) या स्कॉटिश शल्यवैद्याने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयी निबंध मांडला, त्याचंच नाव या आजाराला पडलं. दरवर्षी साधारण एक लाख लोकांमागे १५ ते ३० जणांना हा आजार होतो. म्हणजे लाखभर वस्तीच्या तालुक्यात वर्षाकाठी एवढी माणसं निघणारच. मधुमेह असलेल्यांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत याचं प्रमाण जास्त दिसतं.

मराठवाड्यातल्या बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. परळीचे आमदार आणि त्या वेळचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांनी २० फेब्रुवारीला समाजमाध्यमावर स्वतःच सांगितलं, की आपल्याला बेल्स पाल्सीचं निदान झालं आहे आणि सलग दोन मिनिटंही नीट बोलता येत नाही. राजकारण बाजूला ठेवू. पण सभेत तासन्‌तास बोलणाऱ्या माणसाला दोन मिनिटं बोलणं अवघड होतं, यावरून चेहऱ्याची एक नस काय काय सांभाळते ते कळतं. त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्येही "म्हणजे ॲटॅकच ना?" असा प्रश्न निघाला होता. नाही. पुढे बघू का नाही ते.

कपाळावर आठी पडते का?

डॉक्टर रुग्णाला तपासताना सगळ्यात आधी चार साध्या गोष्टी करायला सांगतात. भुवया वर उचला. डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा. यातली पहिली कृती फार महत्त्वाची आहे. का, ते विजेच्या उदाहरणाने लगेच समजेल, कारण डीपी आणि लाइन हा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय!

मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन भाग आहेत. ही दोन सबस्टेशनं समजा. मेंदू खाली पाठीच्या कण्याकडे जिथून उतरतो, त्या देठासारख्या भागात दोन डीपी आहेत, चेहऱ्याच्या डाव्या बाजूसाठी एक आणि उजव्या बाजूसाठी एक. डीपीपासून घरापर्यंत येणारी सर्व्हिस वायर म्हणजे चेहऱ्याचा मज्जातंतू. मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी ही सातवी. आणि घर म्हणजे आपल्या चेहऱ्याची एक बाजू. कपाळ ही माडीवरची खोली, तोंड ही खालची खोली.

आता गंमत अशी, की खालच्या खोलीला फक्त विरुद्ध बाजूच्या सबस्टेशनकडून वीज येते. माडीवरच्या खोलीला मात्र दोन्ही सबस्टेशनांकडून येते. म्हणून एक सबस्टेशन बंद पडलं तर खाली अंधार होतो, पण माडीवर दिवा चालूच राहतो. हा झाला पक्षाघात. तोंड वाकडं होतं, पण भुवई उचलता येते, कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, डोळाही बहुधा मिटतो.

सर्व्हिस वायरच तुटली तर? मग सबस्टेशनं कितीही चांगली असोत, सगळं घर अंधारात. ही बेल्स पाल्सी. तोंड वाकडं, डोळा मिटत नाही आणि त्या बाजूचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. डोळा मिटायला गेलं की बुबुळ वर सरकतं आणि पांढरं दिसतं. घरच्यांना वाटतं डोळे फिरवले. पण डोळे मिटताना ते आपल्यातल्या बहुतेकांचं वर सरकतं, पापणी बंद असल्याने दिसत नाही एवढंच.

उदाहरण आणखी थोडं पुढे नेता येतं. एका सबस्टेशनवर अनेक घरं असतात, म्हणून पक्षाघातात बहुतेक वेळा तोंडाबरोबर हातही लुळा पडतो, पाय ओढला जातो, बोलणं अडखळतं. सर्व्हिस वायर एकाच घराची असते, म्हणून बेल्स पाल्सीत हात-पाय चांगले राहतात. मात्र त्याच वायरीवर घरातली आणखी दोन-तीन उपकरणं चालतात. जिभेच्या पुढच्या भागाची चव, डोळ्याचं पाणी आणि कानातला एक चिमुकला स्नायू, जो मोठा आवाज कमी करून आत सोडतो. म्हणून अशा रुग्णाला जेवण बेचव लागतं, डोळा कोरडा पडतो किंवा त्यातून पाणी गळत राहतं, आणि एका कानात शाळेची घंटासुद्धा कर्कश वाजते. सुरुवातीला कानामागे दुखणंही बऱ्याच जणांना जाणवतं.

आता एक महत्त्वाची सूचना. हे वाचून कोणी घरीच परीक्षा घेऊन "आठी पडत नाही, म्हणजे घाबरायचं कारण नाही, उद्या बघू" असं करू नये. क्वचित पक्षाघात त्या डीपीच्या जागीच, म्हणजे मेंदूच्या देठात होतो आणि तेव्हाही सगळं घर अंधारात जातं. अशा वेळी सोबत एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, हात-पाय कमजोर होणं असं काहीतरी बहुतेकदा असतं, पण ते ओळखायला डॉक्टरची नजर लागते. अचानक तोंड वाकडं झालं की लगेच डॉक्टरला दाखवायचं, याला अपवाद नाही. आठीची खूण आपण समजून घेतली ती डॉक्टर फोटो का काढायला सांगतात किंवा का सांगत नाहीत, हे कळावं म्हणून.

हा फोटो म्हणजे असतं तरी काय?

जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांतल्या ललिता पवार सगळ्यांना माहीत आहेत. रामायण मालिकेतली मंथरा म्हटलं की मुलांच्या आजी-आजोबांना लगेच आठवतात. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी' चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारायची थप्पड चुकून जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यालाही इजा झाली. तीन वर्षांच्या आसपास उपचार चालले. डोळ्यातला दोष कायम राहिला आणि नायिकेच्या भूमिका करणाऱ्या ललिताबाई पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांसाठी ओळखल्या जाऊ लागल्या.

त्या काळी मुंबईतल्या मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलासुद्धा कवटीच्या आत डोकावायला नीट साधन नव्हतं. क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले होते, पण साध्या एक्स-रेत हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने क्ष-किरण डोक्याच्या सगळ्या बाजूंनी सोडून, संगणकाने त्यांची बेरीज-वजाबाकी करून, मेंदूचे पावाच्या स्लाइससारखे काप दाखवणारं यंत्र बनवलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला. हाच सीटी स्कॅन. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

सीटी काही मिनिटांत होतो. ताजं रक्त त्यात पांढरं शुभ्र दिसतं, हाडही स्वच्छ दिसतं. डोक्याच्या एका सीटीत जेवढा किरणोत्सर्ग शरीरात जातो, तेवढा निसर्गातून आपल्याला काही महिन्यांत मिळतच असतो. गरज असेल तेव्हा घाबरण्याइतका नाही. गरज नसताना, विशेषतः लहान मुलांना तो देण्यातही अर्थ नाही.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. मेंदूचे मऊ भाग त्यात फार बारकाईने दिसतात, पण वेळ जास्त लागतो, अर्धा तास सहज जातो. यंत्राचा आवाज मोठा असतो, आत हालायचं नाही. लहान मूल घाबरतं आणि कधीकधी त्याला झोपेचं औषध द्यावं लागतं. जोडवी, मंगळसूत्र, पट्टा सगळं काढून ठेवावं लागतं. शरीरात पेसमेकर किंवा धातूचं काही बसवलेलं असेल तर आधी सांगायलाच हवं.

जिथे फोटो आधी, बाकी सगळं नंतर

तोंड वाकडं झालं आणि सोबत हात उचलता येत नाही, बोलणं जड झालं, समजत नाही, तोल जातो, अचानक दिसेनासं झालं, जीवघेणं डोकं दुखतंय, यातलं काहीही असेल तर घड्याळ बघा. खरंच बघा आणि वेळ कागदावर लिहा. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ही वेळ डॉक्टर सर्वांत आधी विचारतात. कारण रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला असा सापडला, तर डॉक्टर वेळ रात्री दहापासून मोजायला सुरुवात करतात.

आता इथं फोटोचं खरं काम आहे. पक्षाघात गुठळीने झाला की रक्तवाहिनी फुटून, हे बाहेरून बघून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. गुठळीचं औषध फुटलेल्या रक्तवाहिनीच्या रुग्णाला दिलं तर रक्तस्राव वाढून माणूस दगावू शकतो. म्हणून आधी सीटी आणि मगच औषध. याच कारणाने घरातली ॲस्पिरिनची गोळीही आपल्या मनाने देऊ नये. पाणी-चहासुद्धा पाजू नये, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

एक गैरसमज मला फार वेळा ऐकू येतो. "सीटी नॉर्मल आला, म्हणजे ॲटॅक नव्हता." असं नसतं. गुठळीने मेंदूचा भाग उपाशी पडला तरी पहिल्या काही तासांत सीटीमध्ये तो बदल दिसत नाही किंवा अगदी पुसट दिसतो. त्या वेळी डॉक्टर सीटीकडून एकाच प्रश्नाचं उत्तर मागत असतात: रक्तस्राव आहे का? 'नाही' हे उत्तर मिळालं, की उपचारांचा रस्ता मोकळा होतो. एमआरआयच्या एका खास पद्धतीत उपाशी पडलेला भाग खूप लवकर, पहिल्या तासाभरातही उजळून दिसू शकतो. पण त्यासाठी थांबावं की नाही हे डॉक्टर ठरवतात.

म्हणून शिरूर अनंतपाळसारख्या ठिकाणाहून निघताना रुग्णाला कुठे न्यायचं हा प्रश्न आजाराइतकाच मोठा. १०८ ला फोन करावा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. जिथे २४ तास सीटी होतो आणि गुठळीचं औषध मिळतं, अशाच रुग्णालयात थेट जावं. आमच्यासाठी ते लातूर. आधी मालिशवाल्याकडे, मग ओळखीच्या दवाखान्यात सलाईन, मग नातेवाईक गोळा झाल्यावर लातूर, अशा तीन थांब्यांत साडेचार तास कधी संपतात कळत नाही. अमेरिकी मज्जातज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता, की मोठ्या पक्षाघातात उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. आपला शाळेचा परिपाठ २०-२५ मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळाचा गुणाकार करून बघा.

जिथे फोटोत काहीच दिसत नाही

आता उलट बाजू. डॉक्टरांनी तपासलं. एका बाजूचं कपाळ, डोळा, तोंड सगळं लुळं. हात-पाय, बोलण्यातली समज, नजर, तोल सगळं उत्तम. एक-दोन दिवसांत हे झालं. कानात फोड नाहीत, मार लागलेला नाही. डॉक्टर म्हणतात बेल्स पाल्सी आहे, या गोळ्या घ्या, स्कॅनची गरज नाही. आणि घरचे नाराज होतात. "एवढं तोंड वाकडं झालंय अन् साधा फोटो पण काढला नाही!"

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की नव्यानेच झालेल्या बेल्स पाल्सीत सरसकट स्कॅन करू नये. कारण सोपं आहे. फोटो काढायचा मेंदूचा आणि बिघाड आहे कानामागच्या हाडात. चेहऱ्याचा मज्जातंतू तिथल्या एका बोगद्यातून जातो आणि बोगदा सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. बहुधा अंगात दडून बसलेल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूने पुन्हा डोकं वर काढल्याने मज्जातंतू सुजतो, आणि हाड काही ताणलं जात नाही, त्यामुळे तो आतल्या आत दाबला जातो. साध्या सीटीत ही सूज दिसत नाही. शिरेतून औषध सोडून केलेल्या एमआरआयमध्ये हा मज्जातंतू उजळलेला दिसू शकतो. पण थोडाफार तो निरोगी माणसातही उजळतो आणि दिसला तरी गोळ्या त्याच राहतात.

उलट फोटोत नको ते सापडतं. पन्नाशी-साठीच्या माणसाच्या मेंदूत वयोमानाने आलेले बारीक पांढरे ठिपके, नाकाच्या पोकळीत थोडी सूज. रिपोर्टवर चार ओळी इंग्रजीत लिहून येतात आणि ते कागद घेऊन माणूस तीन डॉक्टर फिरतो. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई असा रिपोर्ट माझ्याकडे घेऊन आली होती. काही हजार रुपये खर्च झाले होते. "मॅडम, मेंदू सुकलाय का हो माझा?" हा तिचा पहिला प्रश्न. वाकड्या तोंडाची काळजी मागे पडली होती आणि त्या तीन दिवसांत डोळ्यात थेंब मात्र एकदाही टाकले नव्हते.

खरी घाई इथेही असते, पण ती फोटोची नसते. ती ७२ तासांची असते. २००७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी ५५१ रुग्णांवर केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजार सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के लोक नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झालेले आढळले. ज्यांना ते दिलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ८२ टक्के होतं. म्हणजे स्कॅनची तारीख मिळेपर्यंत, रिपोर्ट येईपर्यंत जर हे तीन दिवस निघून गेले, तर हातचा फायदा गेला. स्टेरॉइड मात्र दुकानातून परस्पर घ्यायचं औषध नाही. मधुमेह असेल तर साखर एकदम वाढते, डोस डॉक्टरनेच ठरवायचा.

दुसरी गोष्ट डोळा. पापणी मिटत नसल्याने धूळ थेट बुबुळावर बसते, ते कोरडं पडतं, जखम होते आणि नजर कायमची जाऊ शकते. तोंड पुढे सरळ होईल, नजर परत येणार नाही. दिवसा डॉक्टरांनी दिलेले अश्रूंसारखे थेंब, रात्री मलम आणि पापणी हळुवार मिटवून पट्टी, मोटारसायकलवर चष्मा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत तर हे हवंच.

आणि ते 'अमुक गावचं औषध'? डेन्मार्कच्या डॉ. पायटरसन यांनी कोणतंही औषध न दिलेल्या १,७०० बेल्स पाल्सी रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्यातले ७१ टक्के आपोआप पूर्ण बरे झाले. म्हणजे दहातल्या सात जणांना कबुतराचं रक्त चोळा, पाला बांधा, की काहीच करू नका, गुण येणारच आहे! त्या सातांच्या तोंडून औषधाची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. उरलेले तिघं गप्प राहतात. आणि ज्याला बेल्स पाल्सी नसून पक्षाघात होता, त्याचे साडेचार तास तिथल्या रांगेत जातात.

नुसता चेहरा, तरीही फोटो लागतो तो असा

कपाळ लुळं असूनही काही वेळा डॉक्टर स्वतःहून स्कॅन सांगतात. तेव्हा "मॅडमच्या लेखात तर नको लिहिलंय" असं म्हणू नका. बेल्स पाल्सी दोन-तीन दिवसांत काय ती वाढते आणि थांबते. चेहरा आठवडे-महिने हळूहळू वाकडा होत गेला असेल तर मज्जातंतूवर गाठ दाब देत असू शकते. तीन महिने झाले तरी काहीच फरक नाही, त्याच बाजूला पुन्हा झालं, दोन्ही बाजू एकदम गेल्या, त्याच कानाने ऐकू येईनासं झालं, कानाखाली जिथे गालगुंड येतं तिथे गाठ लागते, अशा वेळी एमआरआय करून शोध घ्यावाच लागतो. डोक्याला किंवा कानाला मार लागून चेहरा गेला असेल तर कानामागच्या हाडाचा सीटी लागतो. आज एखाद्या ललिता पवारांच्या बाबतीत मार लागल्यावर चेहरा लुळा पडला, तर डॉक्टर आधी हाडाला तडा गेलाय का तेच बघतील.

कानात किंवा कानाभोवती पाण्याचे फोड आणि कानात ठणका असेल तर तो नागिणीचा प्रकार. न्यूयॉर्कचे डॉक्टर जेम्स रॅमसे हंट यांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तिथे फोटोपेक्षा विषाणूविरोधी औषध लवकर सुरू होणं मोलाचं.

वर्गातल्या मुलाचं तोंड वाकडं दिसलं तर

मुलांमध्येही बेल्स पाल्सी होते. मुलांना पक्षाघात क्वचित होतो, पण होतो, म्हणून वर सांगितलेल्या हाता-पायाच्या खुणा त्यांच्यातही बघायच्याच. मात्र आपल्या शाळांत एक गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे वाहते कान. प्रत्येक वर्गात एखादं तरी मूल कानात कापसाचा बोळा घालून येतं आणि घरच्यांना त्याचं काही वाटत नाही. असं कान वाहणारं मूल हसताना एका बाजूने हसायला लागलं, तर संसर्ग हाड पोखरत मज्जातंतूपर्यंत पोचलेला असू शकतो. त्याला त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा. तिथे मेंदूच्या नव्हे तर कानाच्या हाडाच्या सीटीला खरा अर्थ असतो आणि कधी ऑपरेशनही लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा वाहत्या कानाची मुलं आठवणीने पुढे करा, म्हणजे गोष्ट तिथवर जाणारच नाही.

साध्या बेल्स पाल्सीतून मुलं मोठ्यांपेक्षाही छान बरी होतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १८७ मुलांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी जवळजवळ सगळी मुलं पूर्ण बरी होती, ज्यांना स्टेरॉइड दिलं नव्हतं त्यांच्यातलीही ९३ टक्के. त्यामुळे मुलांना स्टेरॉइड द्यायचं की नाही यावर डॉक्टरांमध्ये अजून दोन मतं आहेत. तुमच्या डॉक्टरांनी दिलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

तोवरचे आठवडे मात्र वर्गात काढायचे असतात. मुलं 'वाकड्या' म्हणून चिडवायला वेळ लावत नाहीत. मी अशा वेळी वर्गाला सरळ सांगते, की याच्या चेहऱ्याची वायर सुजली आहे, दुरुस्ती चालू आहे, हे लागट नाही. मुलांना हे पटतं. खिचडी खाताना घास गालात अडकतो, म्हणून त्याला जरा जास्त वेळ द्या. पाणी पिताना सांडतं, तर हसणाऱ्यांकडे एकदा नुसतं बघा. आणि प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं नीट निघत नाहीत, म्हणून प्रकट वाचनाची पाळी आली की त्याला फळ्यावर लिहायचं काम द्या.